सोळापैकी नऊ

आधीच सांगून टाकतो, आनंदराज सोनसळे या माणसावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तो आमच्या खेळात आला त्या ऐतवारापासून मी डोळ्यात तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवून होतो. उगीच नाही. कारण होतं.

कंधार तालुक्यात आमचं साडेतीन एकर रान आहे. दोन वर्षांखाली शेजारच्या उमाशंकरनं सरकारी मोजणी आणली. मोजायला आला तो हाच सोनसळे. दिवसभर रानात फिरला, यंत्र लावलं, टेप ओढला, आणि दिवस कलता कलता सांगितलं की तुम्ही पेरताय त्यातले दोन गुंठे उमाशंकरचे आहेत. वरच्या कोपऱ्याला चार हात, आणि तिथून खालच्या कोपऱ्यापर्यंत निमुळती होत गेलेली पट्टी. दोन गुंठे म्हणजे काय गंमत आहे? माणूस घर बांधतो तेवढ्यात!

मी त्या दिवशी रानात नव्हतो. माझं नांदेडला फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, सीझनचे दिवस होते. पण माझ्या आईनं, केवळाबाईनं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आईनं तांब्या पुढं केला तर हा म्हणाला, "नको, माझ्याजवळ हाय." आणि दुपारी जाऊन बसला कुठं, तर उमाशंकरच्या चिंचेखाली. तिथं निवांत भाकर खाल्ली. आमचं पाणी चालत नाही आणि त्याची सावली चालते! आई तेव्हापासून म्हणते, "बसवंता, कुठंतरी पाणी मुरलंय."

मी अर्ज लिहिला. मोजणीदार समोरच्या पार्टीला सामील होता, त्याची चौकशी करा, मोजणी पुन्हा करा. सोनसळे तोवर निवृत्त झाला होता, पण चौकशी लागली तर पेन्शन अडकते असं मला एकानं सांगितलं होतं. अडकू दे, म्हटलं. फक्त रान बापाच्या नावावर, म्हणून सही बापाची पाहिजे. आणि आमचे दादा, सटवाजीराव, सहीचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचे. "जाऊ दे रं. दोन गुंठ्यात काय राजवाडा बांधायचाय तुला?" मला वाटायचं, म्हातारा भिऊन राहिला सरकारी माणसाला. अर्ज माझ्या गल्ल्याच्या खणात पडून होता आणि मुदत महिनाअखेरची होती.

आता खेळाचं सांगतो. सत्यम म्हणून माझा मित्र आहे, दहावीच्या पोरांना गणित शिकवतो. ऐतवारी दुपारी त्याचा क्लास रिकामा असतो. तिथं आम्ही चौघं जमतो. सत्यम गोष्ट सांगतो, की तुम्ही जंगलात आहात, समोर राक्षसांची टोळी आहे, आता काय करता? प्रत्येकाचं एक पात्र. माझा जादूगार. मेडिकलवाल्या शिल्पाताईंची तलवारवाली. अकरावीतल्या बुद्धप्रियाची वैदीण, म्हणजे जखमा बऱ्या करणारी. आपण सांगायचं, फासे टाकायचे, फासा म्हणेल ते घडतं. पात्र मेलं की मेलं, परत येत नाही. बायको म्हणते, बत्तीस वर्षांचा घोडा आणि राक्षस राक्षस खेळतो. खेळतो बा. तिच्या मालिकेतल्या सासूपेक्षा माझे राक्षस बरे.

जमीन म्हणून आम्ही माझ्याच दुकानातला फ्लेक्स अंथरतो. कुण्या भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा बोर्ड चुकला होता, त्याच्या पाठीवर मी चौकटी छापून घेतल्या. पात्रं म्हणजे बाटलीची बुचं. बुद्धप्रियाची वैदीण तेवढी चिंचोक्याची. एका बाजूनं घासून पांढरा केलेला, त्यावर तिनं निळ्या पेनानं दोन डोळे काढले होते. दीड वर्ष ती तोच चिंचोका कंपासात जपून आणायची.

त्या महिन्यात तिच्या आईची, पंचशीलाताईंची, दवाखान्यात ऐतवारची ड्युटी लागली. म्हणून पोरीला सोडायला आजोबा येऊ लागले. दारात उभा राहून त्यानं नाव सांगितलं, "सोनसळे. मोजणी खात्यात हुतो." माझ्या हातातला फासाच खाली पडला. मी काही त्याच्या दृष्टीस पडलेला माणूस नव्हतो. गप बसलो. सावज आपल्या पायानं चालत आलं होतं, मी कशाला बोलू?

तो कोपऱ्यातल्या बाकावर पेपर घेऊन बसला. शेजारी स्टीलची पाण्याची बाटली. शिल्पाताईंनी चहा दिला तर म्हणाला, "नको, माझ्याजवळ हाय." तेच वाक्य! मी मनात म्हटलं, बघा, आला रंगावर.

त्या दिवशी मी आगीचा गोळा टाकला. मंत्राचा नियम असा की गोळा जिथं फुटेल तिथून चहूकडं चार चौकटी जळतात. आम्ही काय करायचो, मधली चौकट धरायची आणि तिच्या उजवीकडं चार, डावीकडं चार, वर चार, खाली चार, तिरकंही चारच. नऊ नव्वे एक्याऐंशी चौकटी खाक! माझे सात राक्षस मेले. सत्यम म्हणाला पाचच. सुरू झालं आमचं. तू तू, मी मी.

कोपऱ्यातून आवाज आला. "गोल म्हणता आन चौकोन जाळता?"

त्यानं पेपर घडी घालून ठेवला, आला, फ्लेक्सकडं पाहिलं. "पैला प्रश्न किती हा नसतो. पैला प्रश्न, कुठून. कुठून मोजायलात तुम्ही?"

"मधल्या चौकटीतून," मी म्हटलं.

"चौकटीत जागा लई असती. चौकटीतून कसं मोजताल? बिंदू पाहिजे. जिथं चार चौकटी मिळत्यात तो कोपरा धरा. चार शेतांच्या कोपऱ्यावर दगड असतो तसा."

मग त्यानं खिशातून दोरा काढला. हो, खिशात दोरा! टाचणी रोवली, चार चौकटींएवढा दोरा घेतला, टोकाला पेन्सिल बांधली आणि गोल काढला. त्याआधी माझ्या फ्लेक्सला टेप लावून पाहिला आणि म्हणाला, "तुमच्या चौकटी उभ्या जरा ताणल्यात. एवढं चालंल." माझ्या छपाईत खोट! वर त्याचा तो हसरा चेहरा. मला असा राग आला की काय सांगू.

गोलाच्या कडेवर चौकटी अर्ध्या कापल्या होत्या. त्या आत का बाहेर? त्यानं सांगितलं, त्यांच्या खात्यात नकाशावरचं क्षेत्र काढायला पारदर्शक कागदावरच्या चौकटी वापरायचे. पुरी आत असली तर पुरी धरायची. निम्मी किंवा जास्त आत असली तरी पुरी. निम्म्याहून कमी असली तर सोडून द्यायची. "एकाला फायदा, एकाला तोटा, शेवटी बराबर हुतंय." मोजल्या. बावन्न भरल्या. एक्याऐंशीच्या जागी बावन्न! माझे सातातले चारच राक्षस मेले. सत्यम खूश. म्हटलं, आमच्या घराण्याचं काहीतरी कमी केल्याशिवाय याला भाकर गोड लागत नाही.

आणि एक खोड. फासा टाकायच्या आधी त्यानं वहीत लिहिलं, कोपरा कोणता, दोरा किती, चौकटी किती, आणि माझी न् सत्यमची सही घेतली. "निकाल लागायच्या आधी सही. निकालानंतर कुणी सही करत न्हाई." शिल्पाताई हसून हसून बेजार. मी सही केली, पण अक्षर मुद्दाम वाकडं काढलं.

पुढच्या दोन ऐतवारी मी बुद्धप्रियाकडून त्याची सगळी माहिती काढली. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो म्हणा ना. पोरगी भोळी, आजोबाचं कौतुक सांगायला एका पायावर तयार. चौतीस वर्षं नोकरी. कंधार, हिमायतनगर, देगलूर. देगलूरकडं एक पार्टी तेलुगूत शिव्या द्यायची, दुसरी कानडीत, आणि आबा म्हणायचे, टेपला भाषा नसती. मोजणीच्या दिवशी आबा दोन्हीकडचं काहीच घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. आजी पहाटे उठून भाकर बांधून द्यायची. आजी गेली, तेव्हापासून स्वतःच बांधतात. "नोकरीच्या सुरुवातीला," ती म्हणाली, "काही घरी तर आबांना पाणी वरून ओतायचे, लांबून. आणि काम पाहिजे असलं की तेच लोक दुधाचा पेला घेऊन मागं लागायचे. तेव्हापासून आबांनी ठरवलं, आपली बाटली बरी."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. नातीला आजोबा काय स्वतःची लबाडी सांगणार आहे का? आणि उमाशंकरच्या चिंचेचं काय? म्हातारा कोरडा दिसतो म्हणून कोरडाच असतो असं थोडंच आहे. कुंपणच शेत खातं, हे आम्ही गावाकडची माणसं पाळण्यात शिकतो.

महिन्याचा शेवटचा ऐतवार आला. सोमवारी अर्ज द्यायचा होता. मी ठरवलं, आज याची परीक्षा घ्यायची. दुसऱ्याच्या शेतावर नियम दाखवणं सोपं आहे. स्वतःच्या रक्ताची गोष्ट आली की कळतं कोण किती सरळ.

आता जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. लढाई चालू होती. बुद्धप्रियाच्या वैदिणीला लागलं होतं, जीव एवढासाच उरला होता. तिच्यापुढं तीन राक्षस. मी बर्फाचं वादळ टाकलं, तीन चौकटींच्या दोऱ्याचं. दुसरा कोपरा धरला असता तरी राक्षस मेले असते. पण मी बघून बघून असा कोपरा धरला की गोलाची कड बरोबर त्या चिंचोक्याच्या चौकटीतून जावी. अर्धी का जास्त, कुणाला डोळ्यानं सांगता येऊ नये.

"बसवंतदादा, मी आहे ना तिथं!" पोरगी ओरडली.

"मोजू दे आजोबाला," मी म्हटलं.

सोनसळेनं माझ्याकडं पाहिलं. जास्तच वेळ पाहिलं. मग दोरा काढला, टाचणी रोवली, गोल काढला. कड चौकटीच्या मधून गेली. तो नुसतं म्हणाला असता, "निम्म्याहून कमी दिसतंय," तर कुणी हूं की चूं केलं नसतं. सत्यमनं तर तोंड उघडलंच होतं, "बाहेर धरू या ना काका." मी मनात म्हणत होतो, म्हण, बाहेर म्हण. अर्ज तयार आहे.

त्यानं पट्टी घेऊन त्या एका चौकटीच्या आणखी सोळा बारक्या चौकटी आखल्या. चष्मा काढून पुसला. "मी मोजत न्हाई," तो म्हणाला, "माझी नात हाय. बसवंत, तू मोज. मी नुसतं बघतो."

मी मोजल्या. पहिल्या ओळीत तीन. दुसरीत तीन. तिसरीत दोन. चौथीत एक.

"किती?"

"नऊ."

"सोळातल्या नऊ. निम्म्याला आठ लागत्यात. आत हाय." त्यानं वहीत लिहिलं, सही केली आणि वही नातीपुढं ठेवली. तिनं सही केली. मग फासा टाकला आणि वैदीण मेली.

पोरगी रडली हो. खेळातलं रडणं नव्हतं ते. "आबा, तुम्ही सोडू शकला असता!" तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मलाबी नको हुतं गं. पण नऊ आल्या." मी फ्लेक्सची गुंडाळी करत बसलो, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती.

तरीपण माझा किडा काही मरेना! रात्रभर तेच. म्हटलं, हे नाटकही असेल. चिंचोक्याचं काय जातंय? दोन गुंठ्यांचं जातंय. सकाळी पहिल्या बसनं अर्ज घेऊन गावाकडं गेलो.

दादा रानात होते, वरच्या कोपऱ्याला. मी अर्ज आणि पेन पुढं केलं. "आज शेवटचा दिवस. सही करा. त्या माणसाला मी सोडत नसतो."

दादांनी अर्ज घेतला. वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. मग खाली बसले, ढेकळावर.

"ह्यात लिव्हलंय, मोजणी पुन्हा करा."

"हाव."

"मंग ते दगडाचं इच्यारतील."

"कशाच्या दगडाचं?"

दादांनी हातानं एक ढेकूळ फोडलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मी माझ्या बापाच्या तोंडावर पाहिलं.

"तेरा वर्साखाली बोअर पाडलं," दादा म्हणाले. "मशीनची गाडी वळंना. हितला हद्दीचा दगड म्या उपटला, गाडी घेतली, सांजच्याला परत रोवला. अंदाजानं रोवला. पैल्या दिवशी चुकून गेला बाबा पलीकडं, आईची आन. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, चार हात गेलाय म्हणून. तिसऱ्या दिवशी म्या त्याच दगडापासून तिफण चालवली."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो.

"सोनसळेसायबानं तीन कोपऱ्याचे तीन दगड धरून मोजलं. ह्याच्यापाशी आले. माती उकरून बघितली. म्हणले, सटवाजीराव, हा दगड बुडापातुर मुरलेला न्हाई, ह्यो कुणी हलवला? म्या मान खाली घातली. हद्दीची निशाणी हलवणं गुन्हा हाय म्हणं, केस हुती. उमाशंकर तिकडं भडकला हुता. सायेब त्याला घेऊन त्याच्या चिंचंखाली बसले. आपली भाकर सोडली, तिथंच खाल्ली. लई येळ समजावलं त्याला. म्हणले, तुला रान पायजे का भांडण पायजे?"

"आणि कागदावर काय लिहिलं?"

"निशाणीचा दगड जाग्यावर मिळून आला न्हाई, एवढंच लिव्हलं. कुणी हलवला ते न्हाई." दादांनी पायानं जमीन दाखवली. "दगड हितं हुता, बसवंता. माझ्या पायापाशी. त्यांनी बघून न बघितल्यावानी केलं."

म्हणजे आई खरंच बोलत होती. पाणी मुरलं होतं, पण आमच्याच बांधात. मी महिनाभर ज्या माणसाची लबाडी शोधत होतो, त्यानं चौतीस वर्षांत बाजू घेतली असेल तर ती आमची. आणि मी त्याच्याच चौकशीचा कागद माझ्या बापाच्या हातात दिला होता, ज्यावर सही झाली असती तर बापावरच केस झाली असती. मी अर्ज फाडला. दादा म्हणाले, "तुकडे रानात टाकू नको," म्हणून खिशात घातले.

पुढच्या ऐतवारी मी जरा लवकरच गेलो. सोनसळेसाहेब आले होते. बुद्धप्रिया रुसून शेवटच्या बाकावर, नवं पात्र करायला तयार नव्हती. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. मी तो कोपरा मुद्दाम धरला होता. वैदिणीला जिवंत करू या. सत्यमलाही चालतंय. सोडून द्या एवढं एक."

"न्हाई." त्यांनी वही बंद केली. "सही झालीया. आयुष्यात एकदाच असं सोडून दिलं म्या, कागदावर. माणसाकडं बघून. चांगलं केलं का वाईट, आजून कळंना. ती टोचणी आजून जात न्हाई. दुसरी नको."

मला राहवेना. "साहेब, मी कंधारकडच्या सटवाजीरावांचा पोरगा."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पैल्या ऐतवारापासून. तोंडवळा बापावर गेलाय तुझा. आन आईसारखा संशय."

"मग बोलला का नाही हो? एका शब्दानं सांगितलं असतं तर..." बत्तीस वर्षांचा घोडा मी, आणि पोरीदेखत डोळे पुसायची वेळ आली.

"काय बोलायचं? बापाचं पोराला सांगू?" ते म्हणाले. "आन तू मला मोजत हुतास. ज्याची मोजणी चालू हाय, त्यानं मधी बोलू नये."

बुद्धप्रिया आमच्याकडं बघत होती. तिला काही कळलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही.

साहेबांनी बाटली उचलली, हलवून पाहिली आणि बाजूला ठेवली. ती अर्धी भरलेली होती, मला दिसत होती.

"झाली का रं मोजणी तुझी?"

"झाली, साहेब."

"मंग पाणी दे थोडं," ते म्हणाले, आणि हात पुढं केला.